सातपैकी एक

भांडण मी मुद्दाम ऐकलं नाही. आमच्या आणि मास्तरांच्या खोलीच्या मध्ये भिंत म्हणून जी होती ती एक लाकडी फळी होती, वरून चुन्याचा हात फिरवलेला. पलीकडे कुणी शिंकलं की अलीकडे आमचे हे झोपेतून दचकायचे. त्या रविवारी दुपारी मी एका कोटाच्या बाहीला बटण लावत होते, आणि भांडण आपल्या पायांनी चालत येऊन माझ्या मांडीवर बसलं.

मास्तरांची बहीण म्हणत होती, "दादा, तिनं चोरी केली का?"

"मी कुठे तसं म्हणालो."

"मग? हात घातला, हाताला लागलं, काढलं. सगळ्या पोरांनी तेच केलं."

"सगळ्यांनी न कळता काढलं. हिनं ओळखून काढलं."

"कुणाला माहीत आहे? तुला, मला आणि पोरीला. तिघांनी गप्प बसायचं. एवढं जमत नाही तुला?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बहीण बोलली, अगदी हळू. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हातातलं सोडून सातातलं एक मागायला निघालास. तूच शिकवतोस ना पोरांना, सातपैकी सहा वेळा येणार नाही म्हणून? म्हणजे माझी पोर घरी बसणार हे तुला ठाऊक आहे. ठाऊक असून चाललास."

"हो," मास्तर म्हणाले. "ठाऊक आहे."

सुई माझ्या बोटात गेली. भांडण एका लाल बटणावरून चाललं होतं, आणि ते बटण माझ्या डब्यातून गेलं होतं.

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी मधूनच सुरू करते.

मास्तर शाळेत गणित शिकवायचे, सहावी आणि सातवीला. शाळा सातवीपर्यंतच होती. उंच, किडकिडीत माणूस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा. लग्न केलं नाही. का नाही, ते आम्ही सगळ्या बायकांनी आपापल्या परीनं ठरवून टाकलं होतं आणि एकीचंही दुसरीशी जुळत नव्हतं. बहिणीचा नवरा लवकर गेला, तेव्हा ते तिला आणि तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन आले. दोन खोल्या होत्या. आतली त्यांनी मायलेकींना दिली आणि स्वतः बाहेरच्या खोलीत वह्यांच्या गठ्ठ्यांशेजारी झोपू लागले.

मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'पैकी सर'. कारण त्यांचं आवडतं प्रकरण ते होतं: कितीपैकी किती. पुस्तकात त्याला संभाव्यता म्हणतात. मी तिसरीत शाळा सोडलेली, मला तो शब्द आजही एका दमात म्हणता येत नाही. पण प्रकरण मला पाठ आहे. मास्तर वर्गात शिकवण्याआधी घरी बोलून बघायचे, भाचीला समोर बसवून. फळीच्या या बाजूला मीही विद्यार्थीच होते, फी न भरलेली.

त्यांची एक पिशवी होती, निळ्या जाड कापडाची, तोंडाला नाडी. मीच शिवून दिलेली. तिच्यात दहा बटणं. नऊ पांढरी, एक लाल. सगळी एका मापाची, चार भोकांची, चपटी. मूल पुढे बोलवायचं, डोळे मिटून हात घालायला सांगायचं आणि विचारायचं, "लाल निघण्याची शक्यता किती?" एकूण दहा, त्यात आपल्याला हवं ते एक. दहापैकी एक. पांढरं? दहापैकी नऊ. एवढंच ते गणित. हवी तेवढी वर, सगळी मिळून खाली.

पण ते तिथे थांबायचे नाहीत. एक वर्ष एक पोरगा उठून म्हणाला, सर, मी परीक्षेत एकतर पास होणार नाहीतर नापास, म्हणजे पास होण्याची शक्यता दोनपैकी एक. वर्ग खूश. मास्तर म्हणाले, "वहीवर झोपणाऱ्याची पण दोनपैकी एक, आणि जागणाऱ्याची पण? दोन गोष्टी आहेत म्हणून त्या सारख्या होत नाहीत बाळा. आधी सारखेपणा, मग गणित." हे त्यांनी घरी येऊन हसत हसत सांगितलं आणि मी अलीकडे एकटीच हसले. आमचे हे वेळेवर घरी येणार किंवा येणार नाहीत, या दोन गोष्टी मी तेवीस वर्षं पाहत होते. सारख्या कुठून असणार?

तर हा सारखेपणा त्यांच्या जिवाचा होता. धड्याआधी ते स्वतः डोळे मिटून पिशवीत हात घालायचे आणि दहाही बटणांवरून बोटं फिरवायचे. एखाद्याचा टवका उडालेला असला की बाहेर. म्हणायचे, डोळ्याला रंग दिसला तर चालेल, हाताला दिसता कामा नये.

भाचीला आम्ही सगळे मुंगी म्हणायचो. इवलीशी, कायम कशाच्या तरी मागे लागलेली, आणि गोड काहीही असलं की बरोबर हजर. मास्तरांची बहीण कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला जायची. शिवून आलेल्या प्रत्येक कपड्याचे सुटे धागे कात्रीनं काढायचे, दिवसाला दोनशे नग. तिच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता, सुपारीएवढा. मी त्याच कारखान्याचं काज-बटण घरी आणून करायची. बहिणीचं एकच म्हणणं होतं, ती ते उठता बसता बोलायची: "माझी पोर धागे कापणार नाही."

आणि तिला तसं म्हणायला जागा होती. मोठ्या गावातल्या वसतिगृहाच्या शाळेत आमच्या शाळेसाठी दरवर्षी एक जागा फुकट असायची. राहणं, जेवण, पुस्तकं, शेवटच्या परीक्षेपर्यंत. ते लोक एक परीक्षा घ्यायचे. उतरतील त्यातलं कुठलंही एक मूल तुम्ही निवडून पाठवा म्हणायचे. त्या वर्षी सातजण उतरले, आणि त्यात मुंगी.

आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी डोक्याला हात लावला. सातांतून एक निवडायचं म्हणजे सहा घरांशी वैर. बाई हुशार होत्या. त्यांनी वैर घ्यायचं काम बटणांवर सोपवलं. म्हणाल्या, मास्तरांची पिशवी आणा. सहा पांढरी, एक लाल ठेवू. लाल ज्याला येईल तो जाईल.

पालक जमले. लगेच एकाचं सुरू झालं, माझा मुलगा शेवटी का? तोवर लाल निघून गेलं तर? दुसरा म्हणे, पहिल्याचंच नुकसान, तेव्हा पिशवी गच्च भरलेली. मास्तरांनी तेव्हा जे सांगितलं ते मला फार आवडतं. ते म्हणाले, "सगळ्यांनी ओळीनं एकेक काढायचं, पण मूठ उघडायची नाही. सात मुठी झाल्या की एकदम उघडू. आता मला सांगा, या सात बंद मुठींमध्ये पहिली कोणती आणि शेवटची कोणती, लाल बटणाला काय कळतंय?" लोकांना ते पटलं. खरंच होतं. आधी काढा नाहीतर नंतर, प्रत्येकाला सातपैकी एक.

आता माझं बटण.

त्याच्या आदल्या दिवशी वर्गात धडा झाला होता आणि लाल बटण एका पोराच्या हातून निसटून लाकडी जमिनीच्या फटीत गेलं. संध्याकाळी मास्तरांनी मुंगीला माझ्याकडे पाठवलं. "काकू, मामानं लाल बटण मागितलंय, बाकीच्यांसारखं." नमुन्याला एक पांढरं तिच्या तळहातावर होतं. मी घाईत होते, चुलीवर दूध होतं, आणि कारखान्याचा माणूस माल न्यायला येणार होता. डबा उघडला. वरच एक लाल दिसलं. त्याच मापाचं, तसंच लाल, पण कोटाचं. त्या कोटांच्या बटणाला भोकं नसतात, पाठीला कडी असते. मला माहीत नव्हतं का? तेच तर माझं काम. चपटं लाल डब्यात खाली असणार हेही माहीत होतं. पण डबा उपडा करायचा, शोधायचं, परत भरायचं. मी कंटाळा केला. म्हटलं, "ने गं, लाल आहे ना, चालतंय." मुंगीनं नेऊन पिशवीत टाकलं, नाडी ओढली, पिशवी खिळ्याला लावली.

मास्तर नेहमीसारखे पिशवीत हात घालून बघते, तर त्यांना तिथल्या तिथे कळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंचा निरोप आला, आणि सातांत आपली भाची आहे म्हटल्यावर मास्तरांनी ठरवलं, आता पिशवीला आपण बोट लावायचं नाही. उद्या कुणी म्हणायला नको, मामानं काहीतरी केलं. खिळ्यावरून काढली ती नाडीला धरून, मेलेला उंदीर धरावा तशी, आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. बाईंनी बटणं ओतली, नुसते रंग बघून तीन पांढरी बाजूला काढली, बाकीची परत भरली. मास्तर तेव्हा खिडकीशी उभे होते, सगळ्यांकडे पाठ करून. एवढा सरळ माणूस. एकदा मान वळवून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. जन्मभर जो हात फिरवला तो त्या एका दिवशी आवरला, आणि तोही सरळपणापायी.

मुंगी पाचवी होती. सात मुठी उघडल्या, तिच्या मुठीत लाल.

बहिणीनं त्या दिवशी कामाला दांडी मारली. दोन दिवस ती आमच्या दारात येऊन बसायची आणि पोरीला काय काय घालून पाठवायचं ते बोलायची. मी मुंगीला एक फ्रॉक शिवायला घेतला, गळ्याला पांढरी पट्टी.

रविवारी जेवताना मुंगी मामाला म्हणाली, मोठ्या आनंदानं म्हणाली, जसं एखादं अवघड गणित सोडवलंय: "मामा, तू म्हणतोस ते अगदी बरोबर आहे. हाताला सारखी नसली की गणित मोडतं. मला आत हात घातल्याबरोबर कळलं. लालच्या पाठीला कडी होती."

फळीपलीकडे ताटातला चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर ते भांडण, जे मी सांगितलं.

सोमवारी मास्तर मोठ्या बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, झालं गेलं, कागद रवाना झाले, कशाला उकरता? मास्तरांनी स्वतःच्या हातानं वसतिगृहाच्या शाळेला पत्र लिहिलं, मग बाईंचा नाइलाज झाला, पुन्हा बटणं काढायचं ठरलं. त्या संध्याकाळी मास्तर माझ्या दारात आले. "वहिनी, चपटं लाल मिळेल का, चार भोकांचं?" मी डबा जमिनीवर उपडा केला. लगेच सापडलं. इतक्या लगेच, की मला मान वर करवेना. मास्तर उंबऱ्यावर उभे होते. त्यांनी ते घेतलं, "बरं झालं" म्हणाले आणि गेले. मला वाटलं, त्यांच्या लक्षात नाही आलं.

दुसऱ्या वेळी त्यांनी सगळ्यांसमोर डोळे मिटून सातही बटणं चाचपली. मग प्रत्येक आईबापाला चाचपायला लावली. बहिणीपुढे पिशवी आली तेव्हा तिनं हात मागे घेतला. मीही गेले होते, माझ्यापुढेही धरली. सगळी सारखी होती. देवाशपथ सारखी होती.

या वेळी मुंगी सहावी. मुठी उघडल्या. लाल इस्त्रीवाल्याच्या मुलीच्या हातात होतं. ती पोर आधी रडायलाच लागली, तिला वाटलं काहीतरी चुकलं. मुंगीनं आपलं पांढरं बघितलं, पिशवीत टाकलं, आणि बाकीच्यांचीही गोळा करून टाकली. नाडी ओढली. घरी नेहमी तेच तिचं काम.

परतताना बहीण पुढे, मधे मुंगी, मागे मास्तर. मी सगळ्यांत मागे. दारात आल्यावर बहीण मुलीकडे बघून म्हणाली, "सांग तुझ्या मामाला, ताट वाढलंय."

त्यानंतर ती भावाशी सरळ कधीच बोलली नाही. आज बोलेल, उद्या बोलेल असं करता करता चाळीस वर्षं गेली.

भांडण म्हणाल तर नव्हतं. ती त्यांचं सगळं करायची. कपडे, चहा, आजारपणात कपाळावर पट्ट्या. फक्त शब्द मुंगीच्या हातून जायचा. "सांग तुझ्या मामाला, साबण संपलाय." मास्तर समोर बसलेले असायचे, दोन हातांवर. तेही म्हणायचे, "सांग तुझ्या आईला, येताना आणतो." मुंगी सुरुवातीला खरंच सांगायची, मग नुसती मान हलवायची, मग तीही थांबली. पुस्तकातून मान वर न करता ती मधे असायची, बस. मी एकदा बहिणीला म्हटलं, पुरे आता, भाऊ आहे तुझा. ती म्हणाली, "भाऊ आहे म्हणून तर करतेय. नाहीतर घर सोडलं नसतं का?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्याचं बरोबरच होतं, ते मला कळतं. त्याला जरा तरी जड जायला हवं होतं."

जड गेलं होतं. ते तिला दिसत नव्हतं, कारण ती बघत नव्हती. पुढची दोन वर्षं मास्तरांनी मुंगीला घरी शिकवलं, आठवीचं, नववीचं, कुठून कुठून पुस्तकं आणून. पण पोर दिवसा माझ्याजवळ बसून बटणं लावायला लागली होती. माझ्यापेक्षा हात भराभर चालायचा. न बघता बोटांनी माप सांगायची, हे अठरा, हे चोवीस. अशी बोटं मी दुसरी पाहिली नाहीत, आणि ती बोटं पाहिली की मला जेवण जायचं नाही. संध्याकाळी ती मामासमोर बसायची आणि डुलक्या घ्यायची. एक दिवस मी ऐकलं, ती म्हणाली, "मामा, आता पुरे करू या." वही मिटल्याचा आवाज आला.

पंधराव्या वर्षी ती कारखान्यात गेली. आईच्या शेजारच्या टेबलावर. कात्री घेऊन.

तिचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. तिथेच पुढे ती तपासनीस झाली, माल पास करायचा की परत पाठवायचा ते ती ठरवायची. गाड्यांच्या एका मेकॅनिकशी लग्न झालं, बरा आहे, दूर राहतात. इस्त्रीवाल्याची मुलगी शिकली, औषधं तपासायच्या प्रयोगशाळेत लागली. सुट्टीत आली की मास्तरांना भेटायची, पण घरी नाही. मास्तर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीशी जाऊन उभे राहायचे, तिथेच तिच्याशी बोलायचे, तिनं आणलेला खाऊ तिथेच पोरांना वाटून टाकायचे आणि रिकाम्या हातानं घरी यायचे. बहिणीला दिसू नये म्हणून. बहिणीला सगळं माहीत होतं. तिनंच एकदा मला सांगितलं, "गिरणीशी पीठ न्यायला गेला असेल, डबा न घेता."

मुंगी सासरी गेल्यावर मला वाटलं, आता तरी. आता मधे कुणीच नाही, सरळ बोलावंच लागेल. पहिल्याच सकाळी मी कान देऊन बसले. आत भांड्यांचा आवाज झाला, मग बहीण म्हणाली, "सांग तुझ्या मामाला, चहा झालाय." खोलीत तिसरं माणूस नव्हतं. मग मास्तरांचा आवाज आला, "सांग तुझ्या आईला, आलो."

मी तोंडावर पदर धरला. हसावं का रडावं, मला तेव्हाही कळलं नाही.

माझ्याकडे मास्तर वर्षातून एकदा यायचे, पैकीच्या धड्याच्या दिवशी. त्या दुसऱ्या वेळेपासून त्यांनी नियम केला होता, एक आपला हात आणि एक परका हात. ते स्वतः चाचपायचे आणि मग पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहायचे. "वहिनी, जरा हात फिरवता?" मी डोळे मिटून आत हात घालायची. दहा बटणं, एकेक अंगठ्याखालून. काढून म्हणायची, "सारखी आहेत." ते म्हणायचे, "दहापैकी दहा?" मी म्हणायची, "दहापैकी दहा." की निघाले. नोकरी संपली तरी शाळा त्या एका धड्याला त्यांना बोलवायची. नव्या गणिताच्या बाईंनी सांगितलं होतं, सर, हे आमच्यापेक्षा तुमच्या पिशवीलाच जमतं.

दरवर्षी हात पिशवीत असताना मला वाटायचं, सांगून टाकावं. चपटं डब्यात होतं, मी बघितलं नाही. आणि दरवर्षी मी दहा मोजून हात बाहेर काढायची.

मास्तर गेले त्याला आता दुसरं वर्ष लागलं. छातीत कफ झाला, दवाखान्यात चार दिवस होते. मुंगी आली, तिनं शेवटपर्यंत हात धरला. बहीण खाटेच्या पायथ्याशी बसली होती, त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट करत. बोलली नाही. मी वाट बघत होते, मुंगी पण बघत होती. मला वाटतं मास्तरही बघत होते. तिला शब्द फुटत नव्हता. चाळीस वर्षं न वापरलेली वाट, तीवर पाऊल कुठे टाकायचं ते तिला सापडेना.

आठवड्यानंतर मुंगी परत गेली. सकाळी फळीपलीकडे भांडी वाजली आणि बहीण म्हणाली, "सांग तुझ्या मामाला, चहा झालाय." मी शिवण हातात तशीच धरून बसले. उत्तर यायचं होतं तेवढा वेळ तिनं जाऊ दिला. मग कप विसळल्याचा आवाज आला.

दवाखान्यात जायच्या आदल्याच आठवड्यात धड्याचा दिवस होता. ती त्यांची शेवटची फेरी. थंडी होती, खोकला होता. मुंगीनं आईला फोनवर सांगितलं होतं, मामाला जाऊ देऊ नकोस. बहिणीनं आतून सांगितलं, "सांग तुझ्या मामाला, मफलर खुंटीला आहे." मास्तर म्हणाले, "सांग तुझ्या आईला, घेतलाय." आणि माझ्या दारात आले.

मफलर दोन वेढे, आत शर्टाची वरची गुंडी लावलेली. पिशवी पुढे केली. ती आता तिसऱ्यांदा नवी नाडी घातलेली, कापड विरलेलं. मी हात आत घातला आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. त्यांच्याकडे बघून म्हटलं, "मास्तर, त्या वेळी चपटं लाल माझ्याकडे होतं. डब्यात खाली. मी डबा उपडा करायचा कंटाळा केला."

ते म्हणाले, "मला माहीत आहे. मी उंबऱ्यातच होतो ना."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलणार, वहिनी? तुम्ही डबा उपडा केला नाही, मी पिशवीत हात घातला नाही." खोकला आला, तो त्यांनी मफलरमध्ये संपवला. "दोनपैकी दोन."

माझा हात अजून आतच होता. ते थांबून राहिले, पोरांसमोर थांबतात तसे, उत्तराची घाई न करता. मग म्हणाले, "डोळे मिटून बघा. उघड्या डोळ्यांचं धरत नाही मी."

मी डोळे मिटले. एकेक बटण अंगठ्याखालून सरकवलं. भोकं चार, कड गोल, पाठ सपाट.

"सारखी आहेत," मी म्हटलं.

"दहापैकी दहा?"

"दहापैकी दहा."

त्यांनी नाडी ओढली, पिशवी बगलेत धरली आणि कठड्याला हात लावत जिना उतरून शाळेकडे गेले.